अकरा पाकिटं

"मावशी, आहात का आत? जरा बाहेर या ना," शेजारची शिलाईवाली मागच्या दारातूनच म्हणाली. आत यायची नाही ती. त्या खोलीतल्या ओलसर वासाने तिला शिंका यायच्या.

मावशी मधल्या रांगेतल्या एका पिशवीपाशी वाकल्या होत्या. गव्हाच्या काडाने गच्च भरलेली ती पिशवी दोरीला टांगलेली होती. तिच्या भोकांतून करड्या-पांढऱ्या अळंबीचे झुपके बाहेर आले होते, आणि एका झुपक्याला लागूनच बोटभर उंचीची, बारीक देठाची काळी छत्री उभी होती. तिच्या कडेवरून शाईसारखा थेंब ओघळत होता. ही पेरलेली नव्हती. हे तण. या खेपेचं काड थोडं भिजलेलं आलं होतं आणि चार दिवसांत ही तिसरी छत्री होती. मावशींनी ती मुळापासून उपटली.

"काय झालं गं?"

"कळलं नाही तुम्हाला? पोस्टातल्या बाईंची मुलगी आणि सासरे हॉस्पिटलात आहेत. पहाटेपासून उलट्या, जुलाब. म्हातारबुवांना तर उभंसुद्धा राहता येत नव्हतं, खुर्चीत बसवून नेलं." शिलाईवालीने गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली. "रात्री जेवणात मशरूम होते म्हणे."

मावशींच्या हातातली छत्री तशीच हातात राहिली.

"तुमच्याकडूनच नेतात ना त्या?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. ती नुसतं विचारत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडूनच नेतात."

शिलाईवाली आणखी काहीतरी बोलली आणि गेली. मावशी हातातल्या काळ्या छत्रीकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर परत पिशवीवर गेली. झुपक्याच्या दुसऱ्या बाजूला दोन बारीक देठ मोडल्यासारखे दिसत होते. त्यांनी चष्मा वर सरकवून जवळून पाहिलं. देठ आतून पोकळ होते. त्यांच्या अळंबीचा देठ भरीव असतो आणि एका बाजूला असतो. इथून कोणीतरी दोन पोकळ देठांच्या छत्र्या तोडून नेल्या होत्या.

काल त्या घरी नव्हत्या. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सकाळी गेल्या त्या दिवेलागणीला परतल्या. तोड थांबवून चालत नव्हतं. अळंबी एक दिवस ठेवली की कडा वळतात, पांढरी भुकटी पडायला लागते, माल हातचा जातो. म्हणून काल पहिल्यांदाच काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, एकट्याने तोड केली होती. अकरा पाकिटं. त्यातली नऊ दिवसभरात गेली होती. रात्री ते हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात केवढी ऐट होती! मावशींना ती ऐट बघून बरं वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी, मुदतीच्या आधीच, पाठीचं कारण देऊन त्यांनी बस ड्रायव्हरची नोकरी सोडली, तेव्हापासून ते असे बोललेच नव्हते.

मावशींची स्वतःची नोकरी त्याच सुमारास गेली होती. सव्वीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होत्या. चादरी, डॉक्टरांचे झगे, बाळांची दुपटी. वाफ किती वेळ द्यायची, कुठला कपडा कशात उकळायचा, हे त्यांना घड्याळ न बघता कळायचं. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, म्हणून मग गल्लीतही त्या मावशीच झाल्या. धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं तेव्हा त्यांनी पाच दिवसांचं अळंबीचं प्रशिक्षण घेतलं. शिकवणाऱ्या बाईंनी काड उकळायची पद्धत सांगितली तेव्हा मावशींना हसू आलं होतं. हेच तर त्या जन्मभर करत होत्या. गावाबाहेरच्या शेतांत पीक काढल्यावर काड पेटवून देत. मावशींनी मागितलं तर शेतकरी म्हणाला, "न्या की. जाळायचंच होतं." त्या जाळायच्या काडावर दहा-बारा दिवसांत पांढरी बुरशी चढायची आणि विसाव्या दिवशी मूठमूठ अळंबी बाहेर यायची. मावशींना त्याचं नवल अजून ओसरलं नव्हतं.

काका अंगणात होते. चुलीवरच्या पिंपात पाणी उकळत होतं आणि त्यात कापलेल्या काडाचं पोतं बुडालेलं होतं. ते काठीने पोतं दाबत होते.

"अहो, काल पोस्टातल्या बाईंना पाकीट दिलंत?"

"दिलं की. स्वतः आल्या होत्या. संध्याकाळी पाच-सव्वापाचला."

"कुठल्या पिशव्यांमधलं?"

"आता ते कसं सांगू? मधल्या रांगेत भरपूर आली होती. तिथलंच जास्त."

"त्यातल्या काळ्या छत्र्या काढल्या होत्यात ना?"

"काळ्या? काल नव्हत्याच काळ्या." काकांनी पोतं पुन्हा दाबलं. "सगळी चांगली पांढरीशुभ्र होती. का गं?"

मावशी घरात गेल्या. फ्रीजमध्ये दोन पाकिटं उरली होती. पहिलं त्यांनी उजेडात धरलं, उलटं केलं, हलवलं. ठीक होतं. दुसऱ्या पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात काळं पाणी साचलं होतं. शिंपल्यासारख्या पांढऱ्या अळंबीच्या मध्ये दोन बारीक छत्र्या विरघळत पडल्या होत्या.

त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. काल दिवसा ह्या छत्र्या कोवळ्या असणार, राखाडी असणार. नवख्या माणसाची चूक झाली असती. पण काका नवखे नव्हते. दोन वर्षं ते त्यांच्याबरोबर त्या खोलीत होते, आणि कोवळी छत्रीसुद्धा टोकदार असते, एकटी उभी असते, हे मावशींनी त्यांना शंभरदा दाखवलं होतं. प्रशिक्षणातल्या बाईंचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात घुमत होतं. जे आपण पेरलेलं नाही, ते कोणाच्या ताटात जाता कामा नये. ही काळी छत्री विषारी आहे की नुसतीच निरुपयोगी, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. मावशींनीही कधी विचारलं नव्हतं. उपटून फेकायचं हे माहीत होतं, तेवढं पुरे होतं. आता त्यांना वाटलं, का नाही विचारलं आपण?

त्या पाकीट घेऊन अंगणात आल्या आणि काकांच्या हातात दिलं. "ह्यात काय आहे?"

काकांनी पाकीट चेहऱ्याजवळ नेलं. मग आणखी जवळ. मान थोडी तिरकी केली. अंगठा प्लॅस्टिकवरून फिरवला.

"मशरूम. दुसरं काय असणार?"

"हा कोपरा बघा. रंग कुठलाय?"

पिंपातलं पाणी खदखदत होतं. काका बराच वेळ बघत राहिले.

"पांढरा," ते म्हणाले.

कोपरा काळाकुट्ट होता. मावशींनी त्यांच्या हातातून पाकीट काढून घेतलं. त्यांना ओरडायचं होतं, पण आवाज फुटला तो अगदी बारीक. "कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?"

"दिसतं गं. अगदीच दिसत नाही असं नाही."

"कधीपासून?"

काका काठी पिंपाला टेकवून पायरीवर बसले. मावशींच्या डोळ्यांसमोरून गेल्या वर्षा-दीड वर्षातल्या गोष्टी झरझर गेल्या. पेपरात वाचण्यासारखं काही नसतं म्हणून बंद केलेला पेपर. एक गुंडी सोडून लावलेला शर्ट. फोन आला की नाव न बघता आधी "कोण?" असं विचारणं. प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या होत्या, लक्ष कुठे असतं हो तुमचं? एकदासुद्धा त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"चूल पेटलेली आहे," मावशी म्हणाल्या.

त्या असं का म्हणाल्या ते दोघांनाही कळलं. पिंपाखाली जाळ होता. पाकीट त्यात टाकलं असतं तर मिनिटभरात काही उरलं नसतं. मधल्या रांगेतल्या पिशव्या उतरवून उकळत्या पाण्यात बुडवायच्या. कोणी विचारायला आलं तर स्वच्छ खोली दाखवायची. मावशी जाळाच्या इतक्या जवळ उभ्या होत्या की पायाला चटका बसत होता. पोस्टातल्या बाईंची मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. महिन्याभरापूर्वी ती आईबरोबर आली होती आणि तिने विचारलं होतं, "ह्यांना काळोखात भीती वाटत नाही का?"

धुलाईखात्यात संसर्गाच्या वॉर्डातले कपडे लाल पिशवीतून यायचे. कोणी कंटाळून ते साध्या पिशवीत कोंबले, तर उघडणाऱ्या बायकांच्या जिवाशी खेळ व्हायचा. पिशवीत काय आहे ते न सांगता पिशवी पुढे ढकलणाऱ्यांशी मावशी सव्वीस वर्षं भांडल्या होत्या.

त्यांनी दोन्ही पाकिटं कापडी पिशवीत ठेवली. "आधी बाकीच्यांना फोन करू. कोणाकोणाला दिली?"

काकांनी डोळे मिटले आणि नावं सांगायला सुरुवात केली. कोण किती वाजता आलं, कोणाच्या अंगणात नेऊन दिलं, कोणी दोन मागितली आणि एकच दिलं. बसच्या मार्गावरचे थांबे सांगावेत तसे न अडखळता त्यांनी नऊच्या नऊ जण सांगितले. मावशी फोन लावत गेल्या.

"कालचं पाकीट खाऊ नका. टाकून द्या. खाल्लं असेल तर लगेच डॉक्टरकडे जा. नाही, नक्की काही माहीत नाही, पण टाकून द्या."

शाळेतल्या दोघी शिक्षिका घाबरल्या. पण त्यांनी पाकिटं उघडलीच नव्हती. केस कापणारा म्हणाला, "मी तर कालच फस्त केलं मावशी, झकास झालं होतं."

"पोटात काही होतंय का?"

"होतंय ना. भूक लागलीय."

मावशींना हसू येईना. त्यांनी त्याला ताबडतोब डॉक्टरकडे जायला सांगितलं, दोनदा सांगितलं. बेकरीवाला मात्र म्हणाला, "म्हणजे पोस्टातल्या बाईंकडचं ऐकलं ते खरं आहे तर." फोन ठेवताना मावशींना कळून चुकलं की आता दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर होणार, आणि ती आपणच स्वतःच्या तोंडाने पसरवली.

"मी येतो," काका म्हणाले.

"तुम्ही कशाला?"

"पाकीट मी भरलंय."

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. ड्रायव्हर तरुण होता. त्याने आरशातून बघून काकांना सलाम केला. काकांना तो दिसला नाही. मावशींनी कोपराने ढोसलं तेव्हा त्यांनी नुसताच हवेत हात वर केला.

दोन थांबे गेल्यावर काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पाठ दुखत नव्हती माझी."

मावशींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"एक दिवस शाळेच्या थांब्यावर मला खांब दिसला. रस्त्याच्या कडेला नुसता खांब. जवळ गेलो तर तो हलला. बाई होती, कडेवर मूल घेतलेली. ब्रेक लागला वेळेवर. तिलाही काही कळलं नाही, बसमधल्या कोणालाही नाही. एकजण म्हणाला, काय ड्रायव्हरसाहेब, झोप लागली का? सगळे हसले. मी डेपोत गेलो, किल्ली टेबलावर ठेवली आणि पाठीचं लिहून दिलं."

"मला तरी सांगायचंत."

"तुझीही नोकरी गेली होती. घरात दोघं बसलेले. म्हटलं, हिला आणखी कशाला घोर." त्यांनी खिडकीचा गज धरला. "मग तू ती खोली सुरू केलीस. मला बरं वाटलं. इथे आपल्या हातून कोणी चिरडलं जायची भीती नाही."

मावशींनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांना राग आला होता, इतका की बाजूला सरकून बसावंसं वाटत होतं. आणि ह्या माणसाने दोन वर्षं हे एकट्याने कसं रेटलं असेल, हा विचारही डोक्यातून जात नव्हता. त्या सरकल्या नाहीत.

हॉस्पिटलात त्या मागच्या जिन्याने गेल्या. तो जिना त्यांच्या पायांना पाठ होता. वरच्या मजल्यावर मोठ्या सिस्टर भेटल्या. "मावशी? तुम्ही इकडे?" त्यांची नजर कापडी पिशवीवर गेली. नुसतं बोटाने दाखवलं.

पोस्टातल्या बाई बाकावर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. नवरा परगावी नोकरीला होता, तो निघाला होता. त्यांच्याशेजारी तरुण डॉक्टर उभा होता आणि काहीतरी लिहून घेत होता. पाच-सहा माणसं भिंतीला टेकून ऐकत होती.

मावशींनी वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते सगळं विसरलं गेलं. "डॉक्टर, हे बघा," एवढंच म्हणून त्यांनी पाकीट पुढे केलं. "यात दुसरं काहीतरी गेलंय. पोस्टातल्या बाईंनी काल नेलं त्यातही गेलं असेल. काळी छत्री म्हणतो आम्ही. खायची नसते."

डॉक्टरने पाकीट हातात घेतलं. "हे कोणी भरलं?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"ती खोटं बोलतेय." काका पुढे झाले. त्यांचा हात आधी डॉक्टरच्या खांद्याच्या बाजूला हवेत गेला आणि मग खाली आला. "मी भरलं. ही काल घरी नव्हती. मला दिसत नाही, डॉक्टर. दोन वर्षं झाली, मी कोणाला सांगितलं नाही. हाताला मऊ लागलं ते तोडलं आणि भरलं. हिचा काही दोष नाही."

भिंतीजवळचं कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर बसचे ड्रायव्हर." मावशींनी मान खाली घातली. काकांनी घातली नाही.

पोस्टातल्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं पाकीट फ्रीजमध्ये आहे. उघडलंच नाही."

"मग?"

"बाबांनी आणले होते. सासऱ्यांनी. मैदानामागच्या झाडांखालून. लहानपणी टोपलीभर आणायचो, म्हणाले." त्यांनी बाकावरचा डबा उचलला. "डॉक्टरांनी आणायला सांगितलं म्हणून उरलेले आणलेत. आत्ताच शेजाऱ्यांनी आणून दिले."

डब्यात कागदावर तीन कच्च्या अळंब्या होत्या. मावशींनी वाकून पाहिलं. पांढरा उंच देठ, देठाभोवती झालरीसारखी कडी, आणि बुंध्याशी, मातीत माखलेली, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी वाटी. हे चित्र प्रशिक्षणात भिंतीवर लावलेलं होतं. त्याखाली लाल रेघ होती.

"हे काडावर येत नाही, डॉक्टर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे जमिनीतलं. बुंध्याशी वाटी असली की हात लावायचा नाही असं शिकवलं होतं आम्हाला."

डॉक्टरने फोटो काढले, मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला, आणि अर्ध्या तासात म्हातारबुवांना अँब्युलन्समधून तिकडे हलवलं. मुलीने आजोबांच्या ताटातले दोनच घास खाल्ले होते. तिलाही बरोबर नेलं. जाताना ती स्ट्रेचरवरून काकांकडे बघत होती, ते तिच्याकडे बघत नव्हते. मावशींना आपण निर्दोष ठरल्याचं कळत होतं, पण सुटल्यासारखं मात्र अजिबात वाटत नव्हतं.

मुलगी सहाव्या दिवशी घरी आली. म्हातारबुवा आले नाहीत. मध्ये एक दिवस त्यांना बरं वाटलं होतं, उठून बसले होते, सुनेकडे चहा मागितला होता. नंतर यकृत बंद पडलं.

खरं काय झालं ते सगळ्यांना कळलं. मावशींच्या पाकिटाचा काही संबंध नव्हता हेही कळलं. काळी छत्री खाल्ली तरी सहसा काही होत नाही, असं त्या तरुण डॉक्टरने चौकशी करून मुद्दाम कळवलं, आणि केस कापणाऱ्याने ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. पण पाकीट घ्यायला कोणी येईना. "राहू दे मावशी, सध्या मुलं नको म्हणतात." "पुढच्या महिन्यात बघू." लोक वाईट नव्हते. फक्त मशरूम म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन जायचं. आणि काकांच्या बाबतीत ते दुसरंच बोलायचे. असा माणूस बस चालवत होता, आपण त्यात बसत होतो. काकांच्या कानावर ते आलं. "बरोबरच आहे त्यांचं," एवढंच ते म्हणाले.

मावशींनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिने तासभर तपासलं. पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता, तो परत येणार नव्हता. कडेची नजर राहील, म्हणाली. म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाच्या बाजूला बघावं लागतं, मग चेहरा थोडासा दिसतो. "तुम्ही हे आपोआप शिकला असाल," ती काकांना म्हणाली. काकांनी मान हलवली.

अळंबीला गावातलं काही कळलेलं नव्हतं. त्या पंधरवड्यात पिशव्या अशा काही फुटल्या की तशा कधीच फुटल्या नव्हत्या. रोज टोपल्या भरत होत्या. फेकवेना, म्हणून मावशींनी गच्चीवर चादरी अंथरल्या आणि अळंबी फाडून वाळत घालायला सुरुवात केली. वाळवून ठेवली की वर्षभर टिकते. कोणी घेईल, न घेईल, पुढचं पुढे. आता तोड दोघं मिळून करायची असं ठरलं होतं. काका देठ चाचपून तोडत, टोपली पुढे सरकवत आणि म्हणत, "बघ." मावशी सगळी टोपली उपसून बघत. सुरुवातीला त्यांना संकोच वाटला होता. काकांनीच सांगितलं, "माझ्यासमोर बघत जा. मागून बघू नकोस."

एका दुपारी दोघं गच्चीवर अळंबी फाडत बसले होते तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. पोस्टातल्या बाई होत्या. ऑफिसातून परस्पर आल्या होत्या, खांद्यावर पर्स होती. बऱ्याच वाळल्या होत्या. मावशी उठायला लागल्या तर त्यांनी हाताने बसा म्हटलं आणि स्वतः पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकल्या.

"मुलगी कशी आहे?" मावशींनी विचारलं.

"शाळेत जाते. जेवताना प्रत्येक घास उलटसुलट करून बघते." त्यांनी चादरीकडे पाहिलं. "मला एक सांगायचं होतं. कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही."

काकांचे हात थांबले.

"मला शंका आली होती. बाबांनी आणले तेव्हाच. तुमच्याकडच्यासारखे दिसत नव्हते ते. पण म्हातारा माणूस इतक्या हौसेने, वाकून, वेचून आणतो. नको कसं म्हणायचं? मी शिजवले आणि मला भूक नाही म्हणून सांगितलं." त्यांचा आवाज सरळ होता, रडण्याच्या पलीकडे गेलेला. "मी खाल्ले नाहीत, मावशी. त्यांना वाढले. पोरीने त्यांच्या ताटातून कधी उचलले ते मी पाहिलंही नाही."

मावशींनी हातातली अळंबी चादरीवर ठेवली.

"त्या संध्याकाळी मी पाकीट घ्यायला नव्हते आले. दोन अळंब्या पर्समध्ये घालून आणल्या होत्या, तुम्हाला दाखवायला. तुम्ही नव्हता. म्हटलं काकांना विचारावं. पण काका माझ्याकडे बघेनात. दुसरीकडेच बघत होते. मला वाटलं, आपण कामाच्या वेळी आलो, त्यांना आवडलं नाही. मग उगाच एक पाकीट घेतलं आणि गेले."

खालून शिलाईवालीच्या यंत्राचा आवाज येत होता, थांबून थांबून. मावशींनी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी बघत होतो तुमच्याकडे," काका म्हणाले. "मला असंच बघावं लागतं."

"ते आता कळतंय मला. म्हणूनच वाटतं, विचारायला हवं होतं. एक शब्द विचारला असता तर—"

"विचारलं असतंत तर मी 'चालतील' म्हणालो असतो."

बाईंनी वर पाहिलं.

"हातात घेतल्या असत्या, मान वाकडी करून बघितल्यासारखं केलं असतं, आणि चांगल्या आहेत म्हणून सांगितलं असतं," काका म्हणाले. "दिसत नाही असं म्हणालो नसतो. त्या दिवशी तरी नसतो म्हणालो. तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत याचं ओझं घेऊ नका. दुसरं जे आहे ते आहे, त्यात मला काही करता येणार नाही. पण हे घेऊ नका."

बाईंनी पर्स खांद्यावरून काढून कट्ट्यावर ठेवली आणि खाली येऊन चादरीच्या कडेला बसल्या. टोपलीतून एक अळंबी उचलली. तिचा देठ पाहिला, उलटी करून खालच्या बारीक घड्या पाहिल्या, आणि मावशी फाडत होत्या तशी टोपीकडून देठापर्यंत उभी फाडली.

"एवढी जाड चालेल?"

"अजून बारीक," मावशी म्हणाल्या. "जाड राहिली तर आतून वाळत नाही."

बाईंनी त्या तुकड्याचे आणखी दोन तुकडे केले. काकांनी चाचपत टोपलीची कडा शोधली आणि ती तिघांना पोचेल अशी मधोमध सरकवली.